‘ठीक’ या शब्दाची किंमत

त्याला कचेरीत सगळे फूटपट्टी म्हणायचे. तोंडावरच. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. उलट कुणी नुसतं ‘अहो’ म्हणून हाक मारली तर तो वळायचा नाही.

काम साधं होतं. ग्राहकांच्या संस्थेसाठी नव्या गाड्या तपासायच्या. गाडी कंपनीकडून मागायची नाही. चारचौघांसारखं शोरूममध्ये जायचं, घासाघीस करायची, रोख पावती घ्यायची आणि गाडी घेऊन यायचं. कंपनीचा कपभर चहासुद्धा प्यायचा नाही. मग गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर ती पळवायची, थांबवायची, पुन्हा पळवायची. बावीस वर्षं फूटपट्टी हेच करत होता. सीटवर माणसांच्या वजनाची वाळूची पोती बांधलेली असायची. मागच्या तीन पोत्यांना त्यानेच नावं ठेवली होती: सासू, सून आणि मधलं भांडण.

त्या निळ्या गाडीची चाचणी झाली त्या दिवशी टँकरने धावपट्टी भिजवून घेतली होती. ताशी ऐंशीचा वेग, गाडी भरलेली, पाय ब्रेकवर. दहा वेळा. बाकीच्या गाड्या चौतीस मीटरच्या आसपास थांबल्या होत्या. ही एकदासुद्धा एकेचाळीसच्या आत थांबली नाही. इंधन वाचावं म्हणून कंपनीने टायर कडक दिले होते. ओल्यात ते रस्ता धरतच नव्हते.

“सात मीटर, बाई,” तो म्हणाला. बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख, पूर्वीच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका. “पुढे उभ्या असलेल्या माणसाला सात मीटर म्हणजे काय, ते त्या माणसालाच विचारावं.”

“कोरड्यात कशी थांबते?”

“झकास.”

“जागा? सीट? दरवाजे?”

“सगळं चांगलं.”

“मग सरासरी काय येते?”

त्याने कागदाकडे पाहिलं. संस्थेच्या तक्त्यात पाचच शब्द होते: उत्तम, चांगली, ठीक, कमी, नापास. सरासरी तिसऱ्यावर येत होती.

“ठीक,” तो म्हणाला, दाताखाली खडा यावा तसा.

“मग ठीक लिहा. ओल्यातल्या ब्रेकची तळटीप देऊ.”

त्यांच्याकडे ‘ठीक’ म्हणजे बरी नव्हे. ‘ठीक’ म्हणजे पर्याय असेल तर घेऊ नका. कचेरीत डबा ‘ठीक’ आहे म्हटलं की लोक आधी वास घेऊन बघायचे.

आणखी एक नियम होता, सही करून घेतलेला. अहवाल छापून येईपर्यंत निकाल कुणाला सांगायचा नाही. घरीसुद्धा नाही. एकदा कुणीतरी मेहुण्याच्या कानात सांगितलं होतं, आणि संस्था चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. फूटपट्टी तेव्हा नवा होता. तेव्हापासून त्याने तोंडाला कुलूप घातलं होतं.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. मागे शोरूमचं संगीत वाजत होतं.

“अरे शहाण्या, ती निळी गाडी बघतोय आम्ही. हो की नाही, एवढंच सांग.”

“ताई, महिनाभर थांब.”

“का?”

“थांब म्हणतो ना.”

“सूट शनिवारी संपतेय, आणि हा म्हणतो थांब! सख्ख्या बहिणीला सांगायला जीभ झिजते का रे तुझी?”

त्याच्यासमोर टेबलावर तक्ता होता. खोटं बोलायचं नव्हतं. नियमही मोडायचा नव्हता. त्याला वाटलं, सापडली वाट.

“ठीक आहे,” तो म्हणाला. मग जोर देऊन, “नुसती ठीक.”

पलीकडे ताई आनंदाने ओरडली. “अहो, ऐकलंत का? ठीक आहे म्हणतोय! आमच्या लग्नाच्या जेवणाला हा ‘बरं होतं’ म्हणाला होता. हा ठीक म्हणतोय म्हणजे डोळे झाकून घ्या!”

मागून भाऊजींचं हसणं ऐकू आलं. “फूटपट्टीचं प्रमाणपत्र मिळालं, आता काय!”

“ताई, ऐक—”

“पेढे खायला ये,” ती म्हणाली. फोन ठेवला.

तो फोन परत लावता आला असता. त्याने हातात घेतला, खाली ठेवला. स्वतःला म्हणाला, मी सांगितलंय. नुसती ठीक, असं स्पष्ट सांगितलंय. नंतर त्या दुपारी त्याने दुसऱ्या एका गाडीच्या डिकीत खोकी रचली आणि ती मोजली.

अहवाल यायला नऊ दिवस उरले असताना ताई आणि भाऊजी त्या नव्या निळ्या गाडीतून परगावी निघाले. डिकी भरलेली, मागच्या सीटवर सामान. रस्ता ओला होता. पुढे एक ट्रक बंद पडून उभा होता. भाऊजींनी ब्रेक वेळेवर मारला, असं ताई पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगत होती. “वेळेवर मारला हो. गाडीच थांबेना.” ती वाचली. भाऊजी जागच्या जागी गेले.

फूटपट्टी बाईंकडे गेला.

“तो शब्द काढा.”

“कुठला?”

“ठीक. लोकांच्या ‘ठीक’चा अर्थ वेगळा आहे.”

“तळटीप दिली आहे ना आपण?”

“तळटीप फोनवर ऐकू येत नाही, बाई.”

बाईंनी चष्मा काढला. काही विचारलं नाही. पण शब्दही काढला नाही. इतक्या वर्षांचे तक्ते त्या पाच शब्दांवर उभे होते.

अहवाल छापून आला तेव्हा एक प्रत घेऊन तो स्वतः ताईकडे गेला. तिचा उजवा हात अजून झोळीत होता. खुंटीवर भाऊजींची छत्री तशीच लटकत होती. त्याने अहवाल उघडून तिच्यासमोर ठेवला. ती डाव्या हाताचं बोट ओळींवरून फिरवत वाचत गेली. बोट तळटिपेवर थांबलं. मग वर गेलं, चाचणीच्या तारखेवर.

“माझ्या फोनच्या आधीची आहे ही.”

“हो.”

“तुला माहीत होतं.”

“मी सांगितलं होतं, ताई. नुसती ठीक म्हणालो होतो.” बोलताना त्याचं त्यालाच ते ऐकवेना.

“किती कमी पडलं असेल रे आम्हाला?”

आयुष्यभर मोजत आलेला माणूस अहवालाचा कोपरा सरळ करू लागला.

“सांग की. फूटपट्टी ना तू?”

“सात मीटर,” तो म्हणाला. “आमच्याकडे सात भरले होते. तुमच्याकडे किती, ते नाही सांगता येत.”

ताईने दारापासून खिडकीपर्यंत पाहिलं. तिची खोली सात मीटर नव्हती. ती उठली, अहवाल मिटून त्याच्या हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली.

चपला घालताना तो म्हणाला, “मी येत जाऊ ना, ताई?”

तिने दार अर्धं ओढून घेतलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. दार लावता लावता थांबली. “नुसतं ठीक.”