सातव्या भुयाराचा नकाशा

वेलांटीबाईंचा राग काही वाडवडिलांकडून आलेला नव्हता. तो त्यांनी स्वकष्टाने कमावला होता. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो अशा नोकऱ्या जगात फार थोड्या. बाकीचे लोक हे काम फुकट करतात. एका वेलांटीसाठी त्यांनी एकदा चालू यंत्र थांबवलं होतं. मालक बोंबलला, कागद वाया गेला, आणि यंत्रावरच्या माणसांनी त्यांना हे नाव देऊन टाकलं. ते त्यांना आवडायचं. निदान त्यात चूक नव्हती.

निवृत्तीनंतर कुणी मुद्रितं पाठवेना, म्हणून त्या उरलेलं जग तपासू लागल्या. औषधाच्या बाटलीवरचा कागद, लिफ्टमधली सूचना, लाँड्रीची पावती. वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून कंपनीला परत धाडली होती. कंपनीने आभार मानून नव्या मशीनची जाहिरात पाठवली. तीही त्यांनी दुरुस्त करून पाठवली.

पण या सगळ्या रागांचा एक मूळपुरुष होता. तो म्हणजे ‘पाताळखाण’.

छापखाना ऐन भरात असताना व्हिडिओ गेम विकणाऱ्या एका कंपनीचं काम आलं होतं. खोकं छापायचं आणि आत घालायला एक पुस्तिका. मालकाने ‘पाताळखाण’ नावाच्या खेळाची कॅसेट बाईंच्या टेबलावर आदळली. म्हणाला, “तुम्हाला भाषा येते ना? मग लिहा.” खेळाबद्दलची माहिती म्हणून सोबत एक चिटोरं होतं, त्यावर नुसतं लिहिलेलं, ‘खाणीतला माणूस. खाली जातो.’

तेव्हा बाई तो खेळ खेळल्या. गोदामात कागदाच्या गठ्ठ्यांवर छोटा टीव्ही ठेवून, काम सुटल्यावर रोज. मजा म्हणून नव्हे. मुद्रित वाचावं तसा त्यांनी तो खेळ वाचला. माणूस मेला की कुठे चुकलं ते बघायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. सातवं भुयार काळंकुट्ट होतं. ते मुद्दामच तसं केलेलं. पडद्यावर फक्त कंदिलाचा ठिपका दिसायचा, पाऊल चुकलं की खड्डा. बाईंनी मरत मरत त्या भुयाराचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढला. मधोमध शिडी, शिडीपाशी खांद्यावर कुदळ घेतलेला इवलासा माणूस, आणि तिथून वाट. त्या नकाशाशिवाय पुढे जाणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. म्हणजे अर्धा खेळ कॅसेटमध्ये होता आणि अर्धा पुस्तिकेत.

कंपनी चिकट होती. तक्रारींसाठी वेगळा फोन घ्यायला नको म्हणून तिने मागच्या पानावर छापखान्याचाच नंबर टाकला. मग पोरांचे फोन सुरू झाले.

“सातव्यातून बाहेर कसं पडायचं?”

“पुस्तिकेत नकाशा आहे, तो बघ.”

“पुस्तिका खोक्याबरोबर टाकून दिली.”

“मग आता खेळही टाक!”

असे फोन कितीतरी. काही पोरं म्हणायची, नकाशा समोर ठेवूनच चालतोय. त्यांचा तर बाईंना जास्तच राग यायचा. एका मुलीला बाईंनी छापील नकाशा समोर धरून वाट सांगितली होती, तरी ती पुन्हा पुन्हा फोन करायची. “बाई, तुम्ही सांगितलंत तशीच गेले.” बाई तिच्यावर खेकसल्या होत्या, “खोटं बोलू नकोस. डावं-उजवं कळतं का तुला?” त्यानंतर तिचा फोन आला नाही. पुढे कंपनी बुडाली, छापखाना विकला गेला, मालकही गेला. राग तेवढा शाबूत राहिला. जीव तोडून लिहावं आणि कार्ट्यांनी न वाचता फेकावं!

बाईंच्या भावाचा मुलगा, म्हणजे भाचा, विमा कंपनीत नोकरीला होता आणि जुने गेम जमवायचा. त्याच्या घरात एक आख्खी खोली खोक्यांची. पडदे कायम ओढलेले, कारण उन्हाने रंग उडतो. पंखा बंद, कारण धूळ उडते. “घरात माणसं घामाने निथळतायत आणि खोकी सावलीत आहेत,” असं त्याची बायको म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची.

जुने गेम जमवणाऱ्यांच्या त्याच्या ग्रुपने वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. खोक्यांजवळ ठेवायच्या पाट्या तपासायला भाच्याने शनिवारी दुपारी आत्याला बोलावलं. हे त्याने आपण होऊन ओढवून घेतलं, एवढी नोंद इथे असू द्यावी.

खोलीत ग्रुपमधला त्याचा एक मित्रही होता. पांढरे हातमोजे घालून तो एक खोकं असं धरून बसला होता, की जणू त्यात कुणाचं तरी हृदय होतं. बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव हातमोजे ठेवलं आणि लाल पेन काढून पाट्या वाचायला घेतल्या. सातआठ पाट्यांनंतर त्या थांबल्या.

‘पाताळखाण. खोकं व पुस्तिकेसह, अस्पर्श प्रत. खेळ सदोष, सातवं भुयार पार करणं अशक्य. पुस्तिकेतील माहिती चुकीची.’

“हे कुणी लिहिलं?”

“ग्रुपने ठरवलं, आत्या. सगळ्यांना माहीतच आहे.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला? तुमच्यापैकी खेळलंय कोण?”

भाच्याने हातमोजेकडे पाहिलं. हातमोजेने खोक्याकडे पाहिलं.

“तसं खेळलं कुणीच नाही,” भाचा म्हणाला. “पण ऐकिवात आहे.”

“पुस्तिका आण इकडे.”

“ती प्लॅस्टिकच्या वेष्टनात बंद आहे. उघडायची नसते, आत्या.”

“पुस्तिका उघडायची नाही तर काय, उगाळून कपाळाला लावायची?”

तेव्हा हातमोजेने मध्ये पडून समजावलं. आवाज हळू होता, लहान मुलाशी बोलावं तसा. “काकू, नुसती कॅसेट कुठेही मिळते. खोकं आणि पुस्तिका नसेल तर ते निव्वळ प्लॅस्टिक हो. खरी वस्तू म्हणजे पुस्तिका. ती नसेल तर संग्रहाला अर्थच नाही.”

पुस्तिकेला महत्त्व आहे, असं म्हणणारा माणूस बाईंना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. क्षणभर त्यांना तो बरा वाटला.

“म्हणूनच ती कधीही उघडायची नाही,” हातमोजेने वाक्य पुरं केलं. “पान उलटलं की कण्याला मोड पडते. मग संपलं सगळं.”

पोरांनी न वाचता फेकली आणि यांनी न वाचता देव्हाऱ्यात बसवली. वाचली कुणीच नाही. बाईंच्या कानशिलाची शीर उडू लागली.

“ती मी लिहिली आहे,” त्या म्हणाल्या.

“यावर तुमचं नाव नाही,” हातमोजे म्हणाला.

“माहितीपुस्तिकेवर कुणाचंच नाव नसतं. चूक निघाली की मात्र शोधत येतात. आत्ता तुम्ही मला चोर ठरवलंत, माझ्याच भाच्याच्या घरात, माझ्याच हातात पाटी देऊन! उद्या शंभर माणसं ती वाचणार. कात्री कुठाय?”

भाचा बायकोला घाबरायचा, साहेबाला घाबरायचा, पण या दोघांना मिळून जेवढा घाबरायचा त्याच्या दुप्पट आत्याला. त्याने कात्री दिली. प्लॅस्टिक कापल्याचा आवाज झाला तेव्हा हातमोजेने डोळे मिटून घेतले.

खेळायला बिनखोक्याची एक कॅसेट होती, बुटांच्या डब्यात इतर उघड्यानागड्यांबरोबर पडलेली. ती चालली. पहिली सहा भुयारं बाई स्वतः उतरल्या. त्यांना वाटलं होतं, आपण सगळं विसरलो. पण अंगठ्यांनी काही विसरलेलं नव्हतं. भाचा तोंड उघडं टाकून बघत होता. सातव्यात पडदा काळा झाला. बाईंनी खेळ त्याच्या हाती दिला, चष्मा पुसला आणि नकाशाचं पान उघडलं. कण्याला मोड पडली.

“शिडीवरून खाली. आता डावीकडे, तीन पावलं.”

खड्डा.

“धांदरट! पुन्हा. डावीकडे.”

खड्डा.

“तू मोजत नाहीस. तीन म्हणजे तीन.”

“तीनच टाकली.”

पुन्हा खड्डा. माणूस संपला. हातमोजे खाकरला, त्या खाकरण्यात पाटीवरचा मजकूर अक्षरशः ऐकू आला.

“तुला डावं-उजवं कळतं का रे?” बाई ओरडल्या.

“आत्या, तू सांगितलंस तसाच गेलो!” भाचाही आता चिडला होता.

हे वाक्य बाईंनी आधी ऐकलं होतं. फोनवर, बारक्या आवाजात.

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. शब्द न् शब्द बिनचूक होता. ‘शेजारच्या नकाशाप्रमाणे चालावे.’ काना-मात्रा जिथल्या तिथे. मग त्यांनी नकाशा पाहिला, आणि शिडीजवळचा तो इवलासा माणूस. कुदळ त्याच्या डाव्या खांद्यावर होती. बाईंनी ती उजव्या खांद्यावर काढली होती. त्यांच्या वडिलांच्या खांद्यावर असायची तशी.

त्या उठल्या आणि ते पान ट्यूबलाइटसमोर धरून पाठच्या बाजूने पाहू लागल्या. उलट बाजूने सगळं बरोबर दिसत होतं. कुदळ उजवीकडे, वाट उजवीकडे.

छपाईची प्लेट करणाऱ्याने नकाशाची निगेटिव्ह पालथी ठेवली होती. मजकूर असता तर उलटी अक्षरं आंधळ्यालाही दिसली असती. पण नकाशावर अक्षर नव्हतं, आणि शिडी मधोमध, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. शेवटचं मुद्रित बाईंकडे आलं होतं. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचून खाली सही केली होती. रेषांना वेलांट्या नसतात.

“काय झालं, आत्या?”

“खेळ पुन्हा लाव.”

या वेळी सातव्यात पोचल्यावर बाई पानाच्या पाठीवरून वाचत गेल्या. उजवीकडे तीन, खाली, उजवीकडे एक, थांब, उडी. भाच्याचा माणूस खड्ड्यांच्या मधून चालत गेला आणि पडदा एकदम उजळला. “आत्या! पार झालं!” भाचा सोफ्यावर चढून नाचू लागला. बाईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांचा राग हातात होता आणि तो ठेवायला आता जागा नव्हती. प्लेटवाला कधीच वारला होता. पोरं तर निर्दोषच होती. उरली होती फक्त सही करणारी.

त्यांनी पाटी ओढून घेतली. ‘खेळ सदोष’वर काट मारली. ‘अशक्य’वर काट मारली. ‘पुस्तिकेतील माहिती चुकीची’ या शब्दांवर पेन बराच वेळ थांबलं. मग ते शब्द त्यांनी तसेच ठेवले.

आणि तेच पेन त्यांनी पुस्तिकेवर टेकवलं.

“काकू, नको! काकू!” हातमोजे उठेपर्यंत समासात लाल शाईत लिहून झालं होतं: ‘नकाशा उलटा छापला आहे. डावे ते उजवे समजावे.’

काही वेळ हातमोजे मयताला आल्यासारखा बसून होता. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

“म्हणजे ही… लेखिकेच्या हातची दुरुस्ती,” तो भाच्याला म्हणाला. “अशी प्रत जगात दुसरी नाही. काकू, खाली एक सही कराल?”

आता मात्र बाईंचा पारा चढला तो चढलाच. “पोरं खड्ड्यात पडली आणि तुला सही हवीय? तुमच्या ग्रुपमध्ये ही पुस्तिका अजून किती जणांकडे आहे?”

“असेल सातआठ जणांकडे. का?”

“उद्या सगळ्या घेऊन या. मी दारात टेबल टाकून बसते. एकही चुकीची प्रत सुटता कामा नये.”

“पण काकू, सगळ्यांतच लिहिलंत तर मग ही एकमेव कशी राहील?”

“नाही राहणार. पुस्तिका होईल.”

रविवारी तिघांनी प्रती आणल्या. एकाने वाटेतूनच परत नेली. बाकीच्यांनी निरोप पाठवले, की प्रत सापडत नाही, प्रत गावी आहे, प्रत कुठली? बाईंनी दारात बसून तिन्ही दुरुस्त केल्या, सही एकीवरही केली नाही, आणि न आलेल्यांचे पत्ते हातमोजेकडून वदवून घेतले.

सोमवारी सकाळी भाच्याला ऑफिसात फोन आला.

“तुझ्या ऑफिसखाली उभी आहे. रजा टाक आणि गाडी काढ.”