छावणीत वाचायची हसरी पुस्तकं

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की चारा छावणीत वाचायला कुणाला वेळ नसतो. ते चुकलं. जनावरं दावणीला बांधली की तिथे वेळच वेळ असतो. कमी असते ती सावली. आष्टीजवळ एका सहकारी संस्थेने चालवलेल्या छावणीत माझी आत्या दोन म्हशी घेऊन राहते. तिनेच फोन करून मला हे सुनावलं. वर म्हणाली, "हसू येईल असं कायतरी आण वाचायला. शेजारीण बोलत न्हाई, दिवस सरत न्हाई."

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं आत्यानेच शिकवली, त्यामुळे नाही म्हणता येईना. शेजारच्या दावणीला काशीबाईंचे बैल. सावलीची हिरवी नेट कुणी किती ओढली यावरून दोघींचं वाजलं आणि अबोला धरला गेला. पाऊस पडेपर्यंत त्यांनी असंच बसायचं, या विचारानेच मला थकायला झालं.

आधी माजलगावचं वाचनालय गाठलं. पावसातली गंमत नको, जेवणावळी नकोत. टँकरची वाट बघणाऱ्या बायकांसमोर ते कसं वाचायचं? भांडणंही नकोत. ग्रंथपाल काका वैतागले. "पाणी नको, जेवण नको, भांडण नको. मग ताई, हसायचं कशाला?" शेवटी मोठ्या टायपाची दोन पातळ पुस्तकं घेतली. एकात लग्नात हरवलेले नवरदेवाचे बूट, दुसऱ्यात कोंबडीने कुंपणावर घातलेल्या अंड्यावरून भांडणारे शेजारी. दुसरं न्यावं की नाही, हे मनात घोळवत ते पिशवीच्या तळाशी ठेवलं.

आमच्या तेलगावहून सकाळची एसटी वडवणीमार्गे बीडला जाते, तिथून दुसरी आष्टीला. बायकांना अर्धं तिकीट, पण जागेची खात्री नाही. मी बराच वेळ उभी होते. पाण्याच्या दोन बाटल्या ठेवाच. बीडच्या स्टँडवर भजी खाऊ नका, तहान भागत नाही. आष्टीहून छावणीपर्यंत चाऱ्याच्या टेम्पोत बसले. त्यातलं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आमच्याच माजलगावकडचं निघालं.

दुपारी आत्याने बुटांची गोष्ट मोठ्याने वाचली. कुणी हसलं नाही. "लई गोड हाय गं. दात आंबले." मग तिने पिशवी उपसली. "हे कावून लपवलंस?" ती अंड्याची गोष्ट वाचू लागली आणि पलीकडचा काशीबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला. भांडण ऐन रंगात असताना आत्या थांबली.

काशीबाई बैलाला म्हणाल्या, "आरं सर्ज्या, मधीच थांबलंय बघ. अंडं कुणाचं ते कळू दे की."

आत्या म्हशीकडे वळली. "काळे, ऐकणारीला म्हणावं, घशाला कोरड पडलीय."

पलीकडून पाण्याचा तांब्या सरकत मधे बसलेल्या माझ्यापाशी आला. तो मी आत्याला दिला. अख्खी रांग हसली. ऊन अंगावर येईपर्यंत वाचन चाललं. उरलेलं उद्या, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निघाले. घरी येऊन दोन दिवस नुसती पडून होते. कानात धूळ, पाय सुजलेले. पण बरं वाटत होतं, योग्य पुस्तक सापडलं म्हणून.

काल आत्याचा फोन आला. वाचन बंदच आहे.

"का गं?"

"ती म्हणते, मला बोलवा. मी कावून बोलवू? तू मधी बसलतीस तवा बरं होतं." मग म्हणाली, "गुरुवारी बैल पार तिकडच्या दावणीला नेणार हाय म्हणं."

पुस्तक निवडायला मी इतकी डोकेफोड केली, पण ऐकणारीने कुठे बसायचं याचा विचारच केला नाही. काशीबाईंना हाताला धरून आत्याच्या बसायच्या पोत्यावर बसवायचं, आणि आपण उठून लांब जायचं, एवढंच करायचंय. त्या हात झटकतील, कदाचित मलाच बोलतील. या उन्हात पुन्हा तो रस्ता नकोसा वाटतोय. तरी सकाळच्या एसटीने निघणार आहे, बुधवारी.