टेनरच्या रांगेतली सुलक्षणा

प्रिय सुलक्षणा,

तुझ्या साठीसाठी तुझ्या तनूने ग्लासगोहून फोन केला. "मावशी, आईबद्दल पानभर लिहून द्या ना, आम्ही छापून सगळ्यांना वाटणार आहोत." एका पानात तू मावत नाहीस आणि मला काटछाट जमत नाही, तेव्हा लिहीन तेवढं छापा म्हणावं. तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगणार आहे, कारण वाचणाऱ्यांना त्या ठाऊक नाहीत. मध्ये मध्ये दुरुस्त्या सुचवू नकोस.

तू मला पहिल्यांदा दिसलीस ती २००३ साली, ब्रिस्टलमधल्या मराठी मंडळींच्या दिवाळीत. शाळेचा हॉल, गार पडलेले रेडिएटर, मऊ चकल्या. गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. तुझी पाळी आली, तू दोन ओळी गायलीस, आणि भरजरी साडीतल्या एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, घसा बसलाय का तुमचा?"

"नाही जी, असाच आहे," तू म्हणालीस, आणि उरलेली सगळी संध्याकाळ खुर्च्या लावत राहिलीस.

मला संताप आला. तो आवाज बसलेला मुळीच नव्हता. खोल होता, रुंद होता आणि जराही हलत नव्हता. मी तेव्हा आमच्या भागातल्या एका कॉयरमध्ये गात होते. जुनं लॅटिन धर्मसंगीत चार आवाजांत गाणारी हौशी माणसं. त्यातली निम्मी एरवी चर्चची पायरी चढत नाहीत आणि सगळीच्या सगळी तालमीनंतर पबमध्ये जातात. इंग्लंडातल्या कुठल्याही कॉयरमध्ये सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या बायका, नको तितक्या मिळतात. टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, तो मात्र शोधून सापडत नाही. मी खुर्च्या तुझ्या हातातून काढून घेतल्या आणि म्हटलं, "गुरुवारी सात वाजता तयार राहा. मी गाडी घेऊन येते."

"कशाला?"

"गायला. आणखी कशाला?"

ह्यू आमचा कॉयरमास्टर. उंच, वाकलेला, कायम एकाच स्वेटरमधला. त्याने पियानोवर सूर दिला आणि तो खाली खाली नेत राहिला. तू त्याच्यामागे उतरत गेलीस. शेवटी त्यानेच हात थांबवला. "मॅडम, तुम्ही डेरेकच्या शेजारी बसा. डेरेक, सरक." डेरेक हा आमचा मुख्य टेनर, निवृत्त पोस्टमन. तो इतक्या आनंदाने सरकला की खुर्चीवरून पडता पडता राहिला.

परतताना तू गाडीत बसलीस, पट्टा लावलास. मग म्हणालीस, "ताई, मला पुरुषांत बसवलं."

"वाईट वाटलं?"

"छे हो! आजवर सगळे हळू गा म्हणत होते. हा माणूस म्हणतो, अजून जोरात."

त्या हिवाळ्यात तू बदललीस. फिल्टनच्या विमान कारखान्यात तू तपासनीस होतीस. पंखांचे भाग तुझ्या नजरेखालून जायचे आणि तुझा शिक्का बसल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. नागपूरच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि तुझा स्वभाव, दोन्ही त्या कामाला शोभणारे. कारखान्याच्या बसमध्ये तू कानात हेडफोन घालून लॅटिन ऐकायचीस आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधून स्कोअरवर, म्हणजे छापील स्वरलिपीच्या वहीवर, पेन्सिलीने मराठीत लिहायचीस. आम्ही बाकीचे पोपटपंची करायचो. "दया कर" म्हणतोय की "मीठ दे", याच्याशी आम्हाला काही कर्तव्य नव्हतं.

आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं.

वसंतातल्या कार्यक्रमासाठी ह्यूने एक अख्खी मिस्सा घेतली, म्हणजे कॅथलिक उपासनेत ओळीने गायची ती पाच-सहा गाणी. दया मागणारं कीरिए, जयजयकाराचं ग्लोरिया, आणि मग क्रेडो. क्रेडो म्हणजे श्रद्धेची कबुली, "मी एका देवाला मानतो" इथून सुरू होणारी. आमच्या त्या मिस्सेत क्रेडोच्या मध्यावर सगळे थांबतात आणि टेनर एकटे सुरू करतात. तालमीत ती जागा आली आणि कोणीच सुरू केलं नाही. मग डेरेक एकटाच, उशिरा आणि भलत्याच सुरात शिरला.

"टेनर, झोपलात का?" ह्यू ओरडला.

पुन्हा तेच. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. डेरेक आणि त्याची मंडळी तुझ्या श्वासावर टेकून गात होती आणि क्रेडो आलं की तू तोंड मिटून उभी राहत होतीस. हे मला आल्टोच्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायकांच्या, रांगेतून स्पष्ट दिसत होतं. गाडीत बसल्यावर मी इंजिन सुरूच केलं नाही.

"काय चाललंय तुझं?"

"मी ते म्हणणार नाही, ताई. मी बौद्ध आहे. माझ्या बावीस प्रतिज्ञा झाल्यात."

"अगं, त्या बावीसांत येशूचं नाव कुठे आहे?"

"नाही. त्यांत कोणाची नावं आहेत ते तुम्हालाच जास्त माहीत. निम्मे तुमच्या देव्हाऱ्यातच असतील."

"माझ्या देव्हाऱ्यात सध्या गाडीच्या किल्ल्या असतात," मी म्हटलं. "आणि मग कीरिए, ग्लोरिया कसं चालतं तुला? त्यातही देवच आहे."

"तिथे कोणीतरी दया मागतंय, कोणीतरी आनंदाने ओरडतंय. त्याला आपला आवाज दिला तर काय बिघडतं? पण ही साक्ष आहे. न बघता शिक्का मारू का मी?"

"तिथे कोणीही मानत नाही! डेरेक नाताळलासुद्धा चर्चमध्ये जात नाही."

"डेरेकने दुसरीकडे शब्द दिलेला नाही. मी दिलाय."

मग तू तुझ्या आईची गोष्ट सांगितलीस. छप्पन साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. मैदानभर माणसं एका आवाजात प्रतिज्ञा म्हणत होती आणि तू शेजारणीकडे बघून नुसते ओठ हलवत होतीस. आईने दंडाला चिमटा काढला. "म्हणायचं तर म्हण, नाही तर गप उभी राहा. खोटं तोंड हलवू नको." मग तू म्हटलंस. कळलं तेवढं, पण खरं म्हटलंस.

"म्हणून मी यायचं बंद करते," तू म्हणालीस. "माझ्यामुळे त्यांचं गाणं पडतंय."

तू खिडकीबाहेर बघत होतीस. काचेवर वाफ धरली होती, बाहेर काहीही दिसत नव्हतं. जिथे तुला कोणी अजून जोरात गा म्हटलं होतं अशी ही एकच जागा, आणि तीच तू सोडायला निघाली होतीस.

"मूर्खपणा करू नकोस," मी म्हटलं. "आधी ह्यूला सांग. निघून जायला पुढचा गुरुवारही आहे."

तू सांगितलंस. तालमीच्या आधी, पियानोपाशी उभी राहून, कोट न काढता. ह्यूने चष्मा पुसला. "म्हणजे ते तुम्हाला जमत नाही, असं नाही?"

"जमतं. रोज मनात मात्रा मोजते."

"मोजायला हरकत आहे?"

"मोजायला कसली हरकत?"

"मग कोट काढा," ह्यू म्हणाला.

असं ठरलं की क्रेडोत तू गाणार नाहीस, मात्र टेनरांची जागा आली की स्कोअरच्या कडेवर पेन्सिल टेकवशील. डेरेकने नजर पेन्सिलीवर ठेवायची. कार्यक्रमाच्या दिवशी पेन्सिल टेकली आणि सगळे टेनर एकदम सुरात शिरले, आजवर कधी शिरले नव्हते इतके नेमके. नंतर चहाच्या टेबलापाशी एक वयस्क इंग्रज बाई माझा हात दाबून म्हणाल्या, "ती तुमची मैत्रीण, बिचारी! इतकी भारावली होती की तिच्या तोंडून शब्दच फुटेना." तू मागेच उभी होतीस. तुझ्या नाकातून चहा आला.

ह्यूला मग हुरूप आला. "तुमच्या बुद्धवंदनेतलं काहीतरी शिकवा, चार आवाजांत बसवू."

"आणि तुम्ही ते मानाल?"

"गाऊ."

"मग राहू दे."

तो इतका हसला की त्याला बसावं लागलं. पण त्या शरद ऋतूत त्याने रिक्वियेम काढलं, मृतांसाठीची मिस्सा. मी पानं चाळली आणि विचारलं, "ह्यू, क्रेडो गळलंय."

"त्यात नसतंच," तो म्हणाला. "मेलेल्यांना काय मानता ते विचारत नाहीत."

नोव्हेंबरमध्ये तू पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत गायलीस. चर्चमध्ये आमची नाकं लाल झाली होती आणि तू एकटी घामाघूम. त्या दिवशी मी स्वतः किती चुकले याकडे माझं लक्षच नव्हतं.

पुढे तनूचं बाळ आलं, तू ग्लासगोला गेलीस. तिथल्या कॉयरने तुला पहिल्याच दिवशी टेनरांत बसवलं आणि तुझी पेन्सिलही मान्य केली, हे फोनवर सांगताना तू लहान मुलीसारखी बोलत होतीस. इकडे डेरेक अजून क्रेडोत तुझ्या खुर्चीकडे बघतो आणि उशिरा शिरतो.

एकच राहिलं. रिक्वियेमनंतर तू म्हणाली होतीस, "ताई, वसंतातल्या त्या मिस्सेत मला क्रेडोचंच संगीत सगळ्यांत आवडतं. पण आत उभं राहिलं की फक्त डेरेक ऐकू येतो. एकदा समोर बाकावर बसून ऐकायचंय. ऐकायला काय हरकत?" काहीच नाही, मी म्हटलं. क्लिफ्टनमधल्या कॅथलिक चर्चमध्ये काही रविवारी पूर्ण लॅटिन मिस्सा गातात. तिथे कोणत्या रविवारी क्रेडो आहे ते मी फोन करून विचारायचं आणि तू डब्यात उपमा आणायचा, असं ठरलं होतं. पहिल्यांदा फोन न करताच निघालो, तर रस्ताच खोदून बंद केलेला. मग तुझी रविवारची शिफ्ट, मग माझा गुडघा, मग तनूचं बाळ. चर्चचा नंबर अजून माझ्या फ्रीजवर मॅग्नेटखाली आहे. फोन केलेला नाही.

तुझी,
वैजयंतीताई