घाटंजीची गेलेली चाळीस मिनिटं

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या जिल्ह्यातल्या म्हशींनाही ठाऊक आहे. यवतमाळच्या एका शेतकरी संस्थेत मी सर्व्हर सांभाळतो. पण टपरीवर माझं ऐकाल तर वाटेल, वऱ्हाडचा सगळा कापूस माझ्याच बोटावरून गाडीत चढतो. काम एवढंच: कापूस विकायला आलेल्या माणसाला तालुक्याच्या केंद्रावर नंबराची चिठ्ठी मिळते, तो नंबर यवतमाळच्या यंत्रात जाऊन बसतो, आणि त्याच क्रमानं गाड्या आत घेतल्या जातात.

त्या हंगामात यवतमाळच्या स्टोरेजमधल्या डिस्क बदलायच्या होत्या. म्हणून सोमवारी, ठरवून, सगळं काम नागपूरला ठेवलेल्या तशाच जोडयंत्रावर हलवलं. केंद्रांवर कुणाला कळलंसुद्धा नाही. मी मात्र असा हिंडलो, जणू अख्खं यवतमाळ डोक्यावर घेऊन वर्धा नदी पोहून गेलो.

बुधवारी ते परत आणायचं होतं. नेणं सोपं, आणणं अवघड. नागपुरात जे जे लिहिलं गेलं ते आधी यवतमाळात उतरवायचं, शेवटी सगळ्या केंद्रांना हात थांबवायला सांगायचं, दोन्हीकडे सारखं झालं का ते पाहायचं, आणि मगच यवतमाळ चालू करायचं. हा नियम मीच लाल शाईनं लिहून भिंतीवर चिकटवला होता.

पण नव्या डिस्क म्हणून अध्यक्षसाहेबांनी पूजा ठेवली. नारळ, झेंडूचा हार, पेढे.

"बारा वाजता राहुकाळ लागते," ते म्हणाले. "त्याच्या आत चालू झालं पाह्यजे. होते ना?"

"साहेब, तुमी नारळ फोडा. पाणी फरशीवर सांडाच्या आत यवतमाळ चालू!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

पावणेबाराला संगणकाचा पडदा सांगत होता, यवतमाळ अजून नागपूरच्या चाळीस मिनिटं मागे. थांबायला हवं होतं. केंद्रांना फोन करायला हवे होते. पण साहेबांच्या हातात नारळ, बाकीच्यांचे हात जोडलेले, आणि मी फुशारकी मारून बसलेलो. म्हटलं, या वेळेला कोण नंबर घेते? सगळे चहाले गेले असतीन. दाबलं बटण. शहाणपणा एवढा की लगेच यवतमाळची नक्कल नागपूरवर सोडली, त्यामुळे तिथलीही ती चाळीस मिनिटं पुसली गेली. मी दोन पेढे खाल्ले.

बाभुळगावच्या केंद्रावर खरंच सगळे चहाला गेले होते. घाटंजीत मात्र गर्दी होती.

दुपारी घाटंजीच्या ऑपरेटर ताईंचा फोन आला. नऊ वर्षं त्याच खुर्चीवर बसलेल्या ताई.

"भाऊ, सकाळचे नंबर गायब झाले, अन् यंत्रानं तेच नंबर पुन्हा देल्ले! एकाच नंबरच्या चिठ्ठ्या घेऊन दोघं जण माह्यासमोर भांडून राह्यले."

फोन स्पीकरवर, समोर व्यवस्थापकसाहेब. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "ताईनं सेव्ह केलं नसन, साहेब."

पलीकडून ताई म्हणाल्या, "सेव्ह केल्याबिगर चिठ्ठी निंगते काय, भाऊ?"

प्रश्न बिनतोड होता. मी फोन ठेवला आणि साहेबांना प्रिंटरच्या पोटातल्या पंचवीस गोष्टी सांगितल्या, त्यातल्या चोवीस खोट्या. संध्याकाळपर्यंत ताईंना मेमो गेला. खुर्चीवरून उठवून त्यांना गेटवर नंबर पुकारायला उभं केलं.

पुढचे आठ दिवस टपरीवर मी नारळाची गोष्ट सांगत होतो. लोक पोट धरून हसायचे. दर खेपेला मी घाटंजीच्या अलीकडेच थांबायचो. एका मुंगीचा हत्ती करणारा माणूस मी, आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट कापून सांगत होतो. गोड काही तोंडात घातलं की पेढ्याची चव यायची, आणि मी ते बशीत परत ठेवायचो.

नवव्या दिवशी प्रिंटर तपासायचं निमित्त काढून घाटंजीला गेलो. गेटवर ताई. डोक्यावर पदर, घसा पार बसलेला. गाडीवरून एक काकाजी ओरडले, "ताई, हा नंबर तरी सेव्ह केला ना वं?" अख्खी रांग खिदळली.

मी त्यांना बाजूला घेतलं. "ताई, चूक माही होती. मीच घाई केली."

"मले मालूम हाय."

"आजच साहेबाले सांगतो."

"साहेबाले सांगानच. पह्यले या रांगेतल्या लोकायले सांगा. साहेब मले एकडाव बोलले. हे रोज बोलून राह्यले."

चार माणसं दिसली की माझ्या अंगात वारं शिरतं. त्या दिवशी रांगेसमोर दोनच वाक्यं निघाली. "तुमचे नंबर ताईनं सेव्ह केले होते," मी कसंबसं म्हणालो. "पुसले मी."

मग काकाजीच बोलले, "अन् आमी इतके दिवस इले बोललो, ते?"

मी काकाजींना हात जोडले.

"अन् त्या दिवशीच्या भांडनात जो रागारागानं भरलेली गाडी परत घेऊन गेला, तो?"

ताईंनी पुढचा नंबर पुकारला.

तिथूनच व्यवस्थापकसाहेबांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी ताई खुर्चीवर बसल्या, मेमो माझ्या नावानं आला. तो गाडीवाला मात्र मला सापडला नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी त्याला शोधलंच नाही. त्याचं गाव ताईंना माहीत आहे. रोज त्यांच्याशी फोनवर बोलणं होतं, आणि रोज मी ते विचारायचं राहू देतो.