बोळ आणि वकीलसाहेब

अख्ख्या बीड जिल्ह्यात माणसांचं सगळ्यात जास्त नुकसान कुणी केलं असेल, तर ते आमच्या चौकातल्या वकीलसाहेबांनी. तेही लबाडी करून नाही. लबाड वकिलाशी माझं जमतं. त्याच्याशी घासाघीस करता येते. हा माणूस प्रामाणिक, आणि प्रामाणिक माणसाशी सौदा कसा करायचा हे मला धंद्यात कुणी शिकवलं नाही. हातगाडीवर जुन्या पंपांचे सुटे भाग विकत मी पाण्याच्या मोटारींच्या दुकानापर्यंत आलो, ते गिऱ्हाइकाच्या तोंडावरून त्याचा शेवटचा आकडा ओळखत आलो. वकीलसाहेबांच्या तोंडावरून मी जे जे ओळखलं, ते सगळं चुकलं.

हल्ली कोर्टातली पोरं काळा कोट चढवून मोबाईलसमोर उभी राहतात, मागं ढोल वाजतो, आणि बोट रोखून ‘जामीन पाहिजे? भावाला फोन लावा’ म्हणतात. साहेबांना कुणीतरी म्हणालं, तुम्हीही एखादी रील काढा. साहेब म्हणाले, वकिलाला जाहिरात करता येत नाही, नियम आहे. त्यांची पाटीसुद्धा त्या नियमाला घाबरून इतकी लहान की नवा पोस्टमन आधी शेजारच्या पिठाच्या गिरणीत चौकशी करतो. पालीहून एक जण सीताफळांची पाटी डोक्यावर घेऊन आला होता. साहेबांनी त्याचे कागद चाळले आणि सांगितलं, केस पडती, खर्च करू नका. त्यानं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि दोन दारं सोडून पलीकडच्या वकिलाकडं गेला. तिथं शंभर टक्के जिंकण्याची हमी मिळाली. पुढं केस पडलीच. पण तो माणूस आजही पलीकडच्या वकिलालाच मानतो, कारण त्यानं चांगली तीन-चार वर्षं आशेवर तरी ठेवलं.

आणि तो मोबाईलचा किस्सा. आता मोबाईलला विचारलं की तो निवाडेही लिहून देतो. साहेबांच्या ज्युनिअरनं असेच पाच-सहा निवाडे घालून अर्ज लावला. साहेबांनी एकेक शोधून पाहिला, तर त्यातले दोन कुठल्याच कोर्टानं कधी दिलेले नव्हते. समोरच्या वकिलाला पत्ता नाही, न्यायाधीशांना नाही. यांनी आपण होऊन उभं राहून सांगितलं आणि माफी मागितली. मागच्या बाकावरच्या पक्षकाराची खात्रीच पटली की आपला वकील फुटला.

पण सगळ्यात वाईट खोड वेगळीच. त्यांच्याकडं रडत गेलात तरी ते ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करतात. आधी समोरच्याचं नाव सांगा, मग रडा. समोरचा माणूस आधी येऊन गेलेला असेल तर तुमचं काही ऐकतच नाहीत. या हातानं माझी सहा वर्षं खाल्ली.

माझ्या दुकानाला लागून जलीलभाईंचं टायरचं दुकान. मध्ये एक बोळ, जेमतेम हातगाडी जाईल एवढी. एका सकाळी जलीलभाईंनी तिथं टायर रचले. मला माल उतरवायला तेवढीच जागा. ती गेली तर दुकानाला कुलूप. मी तणतणत साहेबांकडं गेलो, आणि त्यांचा हात वर जायच्या आत बोलून बसलो की कोर्टात सगळी बोळ मागू, पण शेवटी निम्मी मिळाली तरी मी राजी. माझा शेवटचा आकडा मी बायकोलाही सांगत नाही. मग त्यांनी नाव विचारलं. मी जलीलभाई म्हणालो, आणि साहेबांनी डोळेच मिटले. जलीलभाई आदल्या संध्याकाळी येऊन गेले होते.

“वकीलपत्र दिलं का त्यांनी?” मी विचारलं.

“न्हाई.”

“फी?”

“न्हाई. पण मनातलं बोलून गेले ना.”

मी त्यांना काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. पुढं कळलं, माझं ऐकलं म्हणून त्यांनी जलीलभाईंनाही परत पाठवलं. एका बोळीपायी दोन पक्षकार घालवणारा वकील मी दुसरा पाहिला नाही.

मग मी ढोलवाला वकील केला, जलीलभाईंनी त्याच्याच गल्लीतला दुसरा. कोर्टानं बोळीला ‘जैसे थे’चा हुकूम दिला. त्यांचे टायर हलेनात, माझा माल उतरेना, बोळीत गाजरगवत कमरेएवढं वाढलं. मी चढ्या भाड्यानं मागं गोदाम घेतलं आणि कामावरचा एक माणूस कमी केला. साहेब रोज स्कूटरवरून जाताना आमच्या दुकानांपाशी मान खाली घालायचे. मी म्हणायचो, लाज वाटते लेकाला. भेटले की एकच सांगायचे, मध्यस्थीला बसा. पण ते तर एसटी स्टँडवर भांडणाऱ्या रिक्षावाल्यांनाही तेच सांगतात. त्यात काय ओळखायचं?

शेवटी दमून आम्ही लोकअदालतीत बसलो. निम्मी-निम्मी. बाहेर चहा घेताना जलीलभाई म्हणाले, “निम्मी तर मी पयल्याच दिवशी वकीलसायबाला बोललोतो. आपल्याला कवा बी कबूल होती.”

मी कप खाली ठेवला आणि जलीलभाईंच्या हाताला धरून त्यांना तसाच साहेबांकडं घेऊन गेलो. सहा वर्षांनी प्रथमच आम्ही एका बाजूनं भांडत होतो.

“तुमाला दोघांचं ठावं होतं,” मी म्हणालो. “एक शब्द कावून बोलला न्हाईत?”

साहेबांनी आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. “कुणाचा शब्द बोलायचा होता? यांचा तुमाला, का तुमचा यांना?”

जलीलभाई दाराकडं वळले. मी हलणार नव्हतो. मी म्हणालो, आमची सहा वर्षं गेली, तुमचं काय गेलं?

त्यांनी टेबलावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, “स्कूटरवर मागं बसून बायको विचारायची, हितं आलं की तुमी मान कावून खाली घालता. तिला बी सांगितलं न्हाई. तिला वाटायचं, मी कुणाचं तरी वाईट केलंय. आता सांगायला मोकळा झालो, तर ती न्हाई.”

त्या गेल्या वर्षी वारल्या होत्या. चौकातले सगळे मातीला गेले होते, मीही गेलो होतो.

माझा राग गेलेला नाही. गोदामाचं भाडं आठवलं की आजही तोंडात शिवी येते. पण साहेब आता बोळीपाशी स्कूटर थांबवतात. बोळीत बघण्यासारखं काही नाही. या भिंतीला त्यांचे टायर, त्या भिंतीला माझे पाईप. तरी ते मिनिटभर उभे राहतात, मान किंचित मागं वळवून. मी गल्ल्यावरून हाक मारत नाही. सांगत असतील तिला.