पाण्याखालच्या गल्ल्यांचा नकाशा

माझ्या सासूबाईंना आम्ही दोघी सुना आत्या म्हणतो. त्यांचं माहेर धरणात गेलं, एवढंच मला लग्नानंतर कितीतरी वर्षं माहीत होतं. पैनगंगेवर धरण झालं तेव्हा त्या नव्यानंच सासरी आलेल्या होत्या. दिवस भरत आलेले, म्हणून गाव उठताना त्यांना कुणी नेलं नाही. बाळंतपण झालं, लेकरू सहा महिन्यांचं झालं, मग भाऊ न्यायला आला तो थेट नव्या वस्तीवर घेऊन गेला. तिथं सारखे आखलेले प्लॉट होते आणि एकही झाड नव्हतं. घरं मोडताना, दारं-चौकटी काढून बैलगाडीत घालताना बाकीच्यांनी जे पाहिलं, ते आत्यांच्या डोळ्यांपुढं घडलंच नाही. त्यामुळं असेल, त्या गावाबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी ‘होतं’ कधी येत नसे. ‘वेशीतून आत गेलं की डाव्या हाताला कासाराचं घर हाये,’ असं म्हणायच्या आणि भाकरी थापत राहायच्या.

आखाडा बाळापूरच्या बाजाराजवळ माझं छोटंसं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पीकविमा, लग्नपत्रिका, अशी कामं. संगणक जुना, आणि त्यातलं सॉफ्टवेअर, खरं सांगायचं तर, चोरीचं. विकणाऱ्यानंच पेनड्राइव्हवरून भरून दिलं होतं आणि सगळीकडं तसंच असतं असं मला वाटायचं. एका उन्हाळ्यात तो चालूच होईना. पडदा उजळायचा, इंग्रजी अक्षरांची एक ओळ यायची आणि सगळं विझायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, नवीन घ्या. मी घेतला नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावून, तो थांबवत, मागं घेत, वहीत एकेक पायरी लिहून, मी त्यावर फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम चढवली.

फुकट म्हटलं की आधी शंका येते. आठ-दहा दिवस मी वाट पाहिली, आता कुठूनतरी मागणी येईल, आता काहीतरी बंद पडेल. काहीच झालं नाही. पत्रं टाइप व्हायला लागली, फोटो कापता-जोडता यायला लागले, पत्रिकेवरची वेलबुट्टी आधीपेक्षा सुबक निघाली. जुन्या फायली तेवढ्या उघडल्या की अक्षरं किडामुंगीसारखी दिसायची, त्या मी पुन्हा टाइप केल्या. कुठले कोण लोक, त्यांनी हे बनवलं आणि सगळ्यांसाठी मोकळं सोडून दिलं. रस्त्याच्या कडेला कुणी रांजण भरून ठेवावा आणि स्वतः निघून जावं, तसं.

त्याच नादात मला तो नकाशा सापडला. इंटरनेटवरचा, सगळ्या जगाचा, आणि कुणीही त्यात भर घालावी असा. आमचं बाळापूर त्यावर दोन रस्ते आणि एक नाव एवढंच होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्या काढायला लागले. उपग्रहाच्या फोटोवर माउसनं टिंब टिंब देत जायचं, की रेघ होते, आणि रेघेचा रस्ता होतो. कधी वाटायचं, मी वरून, घारीच्या उंचीवरून, आमच्याच पत्र्यांवर तरंगते आहे. खालची मी मात्र दुकानात, पंख्याखाली, खुर्चीत.

आत्या दुपारचा डबा घेऊन यायच्या आणि ऊन उतरेपर्यंत स्टुलावर बसून राहायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, “हे काय करून राहिलीस?”

“आपल्या गावाचा नकाशा काढून राहिले, आत्या. ही आपली गल्ली. हे दुकान.”

त्या पुढं वाकल्या. बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, “मंग माजं गाव दाव.”

मी नकाशा उत्तरेला सरकवला. शेतं गेली, एक ओढा गेला, आणि पडद्यावर सगळं निळं झालं. मी म्हटलं, “इथं होतं.”

“होतं न्हाई, हाये. पाण्याखाली हाये म्हून काय झालं?”

मला ते इतकं बराबर वाटलं की मी तिथंच काढायला घेतलं. आत्या सांगत गेल्या, मी टिंबं देत गेले. वेस. वेशीतून पारापर्यंतची मोठी गल्ली. नदीकडं उतरणारी बोळ. जलाशयाच्या मधोमध निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटत होत्या. तासाभरात सात गल्ल्या झाल्या. आत्या घरी गेल्या तेव्हा चालताना त्यांचा एक हात पदराखाली हलत होता, जणू त्या अजून वळणं मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला तर पाणी सपाट. एकही रेघ नव्हती. सोबत एक निरोप होता, इंग्रजीत, अगदी सभ्य. फुकटच्या भाषांतरात घालून मी तो वाचला. नकाशा सांभाळणाऱ्या कुणा स्वयंसेवकानं लिहिलं होतं की या नकाशावर आज जमिनीवर जे आहे तेवढंच दाखवतात, जलाशयात रस्ते नाहीत, म्हणून तुमच्या रेघा पुसून टाकल्या आहेत.

मला रडू आलं नाही, पण दिवसभर हातात काम धरवेना. आत्यांना दोन दिवस सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सांगावं लागलं.

“कोन हाये त्यो?” त्यांनी विचारलं.

“ठाऊक न्हाई. लांबचा कुनीतरी.”

“त्याला काय तकलीफ झाली?” मग म्हणाल्या, “त्याला लिव्ह. म्हनावं, माजं माहेर हाये ते.”

मी लिहिलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, फुकटच्या शब्दकोशाच्या आधारानं, लिहिलं की हे माझ्या सासूबाईंचं माहेर आहे, गाव बुडताना त्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून त्यांच्यासाठी ते अजून तिथं आहे. माहेरला शब्द सापडेना, तेव्हा तो तसाच ठेवला आणि पुढं अर्थ दिला: बाई जन्मते ते घर, जिथं ती पाहुणी होऊन परत जाते.

चार दिवसांनी लांबलचक उत्तर आलं. रेघा त्यानं परत घातल्या नाहीत. नियम सगळ्यांना सारखाच, असं त्यानं लिहिलं होतं. पण पुढं लिहिलं होतं की नकाशे काढायचं एक सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट, ते तुमच्याच संगणकावर बसतं, आणि त्यात तुम्हाला हवं ते गाव काढता येतं. धरणाच्या आधीच्या मोजणीचा जुना नकाशा कुणीतरी स्कॅन करून मोकळा ठेवलेला होता. त्याचाही पत्ता त्यानं दिला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘आईंना विचारा, नदी गावाच्या कोणत्या अंगाला होती. म्हणजे पान बरोबर आहे का ते कळेल.’

जुन्या पानावर नदीच्या वळणाशी बारीक लाल चौकोनांचा पुंजका होता. शेजारी आत्यांच्या गावाचं नाव. तेवढ्या अक्षरांवर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसले होते.

ते सॉफ्टवेअर शिकायला मला सगळा श्रावण लागला. जुना नकाशा आजच्या फोटोवर बराबर बसवायचा तर दोन्हींवर असलेल्या चार जागा शोधायच्या आणि त्यांची गाठ घालायची. बुडालं नाही असं काय होतं? टेकडीवरचं देऊळ होतं. वरच्या अंगाचं नदीचं वळण होतं. काठावरून वाचलेली दोन गावं होती. पहिल्यांदा जुळवलं तेव्हा गाव टेकडीवर चढलं. दुसऱ्यांदा नदी उलटी वाहायला लागली. पाचव्यांदा, सहाव्यांदा असेल, ते पान हळूच ताणलं, वळलं आणि आपल्या जागी जाऊन बसलं. मग मी वरचा फोटो विरळ करत नेला. निळं पाणी पातळ होत गेलं, आणि खालून लाल चौकोन वर आले.

आत्या माझ्या मागं उभ्या होत्या. कधी आल्या ते कळलं नव्हतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ढवळू नको. राहू दे तसंच.”

त्यानंतरच्या दुपारी कशा गेल्या ते मला नीट वेगवेगळं आठवत नाही. एकच मोठी दुपार असल्यासारखं वाटतं. बाहेर रस्त्यावरून ट्रक जायचे, कुणी झेरॉक्ससाठी यायचं, जायचं, आणि आम्ही दोघी पाण्याखाली असायचो. आत्या माझ्या संगणकाच्या पडद्याला बोट लावायच्या नाहीत, सूतभर अलीकडं धरायच्या. “इथी हाळ, ढोरं पानी पित्यात ती. इथी चिंच, दोन हायेत, एक गोड. न्हाई, वेस अजून इकडं घे. घे, अजून.” मी काढत गेले, पुसत गेले.

नव्या वस्तीवरून त्यांच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ एकदा दाखल्याच्या कामाला दुकानात आले. आत्या त्यांना दादा म्हणतात. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. रडतील असं मला वाटलं. त्यांनी भांडणच काढलं.

“बाई, ही हीर इथी कशी काय? हीर पाराच्या मागं होती.”

“म्या पानी भरलंय दादा तिथून. पाराच्या म्होरं हाये.”

“म्या त्या हिरीत पवायला शिकलो. मला सांगून राहिलीस?”

दाखला राहिला बाजूला. दोघं तासभर भांडले, चहा घेतला, पुन्हा भांडले. शेवटी मी विहीर दोन्हीकडं काढली आणि दोन्हींपुढं प्रश्नचिन्ह टाकलं. ते कुणालाच पसंत पडलं नाही.

पुढच्या मे महिन्यात पाणी फार खाली गेलं. दादांचा फोन आला, जोती उघडी पडलीत, येता का? मी नकाशा मोबाइलवर घेतला. त्यासाठीही एक फुकटचं ॲप मिळालं, नेट नसलं तरी चालणारं. आपण जिथं उभे असू तिथं नकाशावर एक ठिपका दिसतो, आपण चाललो की तो चालतो.

सकाळीच जीप करून आम्ही गेलो, वाटेत वस्तीवरून दादांना घेतलं. काठापासून पुढं भेगाळलेला गाळ होता, त्यात शिंपले चमकत होते. लांबवर उरलेलं पाणी आणि त्यावर बगळे. गाव कुठंच दिसत नव्हतं. नुसतं राखाडी माळरान, मधूनमधून दगडांच्या रांगा. आत्या गोंधळल्या. “हे न्हाई,” म्हणाल्या. “दुसरीकडं आलो आपन.”

मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. ठिपका वेशीबाहेर उभा होता.

“चाला, आत्या. आता आत.”

आम्ही चाललो. ठिपका मोठ्या गल्लीतून निघाला. चाळीस-पन्नास पावलांवर आत्या थांबल्या, डाव्या हाताला पाहिलं आणि म्हणाल्या, “कासार.” मग मोबाइलकडं त्यांनी पुन्हा पाहिलंच नाही. पुढं त्या आणि मागं आम्ही. दोनदा वळल्या. एका जोत्यापाशी आल्या तेव्हा मी घाईनं दगडांवरून सरळ आत पाऊल टाकलं.

“भिंतीतून काहून येतीस?” त्या ओरडल्या. “दारातून ये!”

मी मागं फिरले. त्या दगडांच्या रांगेला वळसा घालून पूर्वेच्या अंगाला गेल्या. तिथं गाळात अर्धा रुतलेला उंबऱ्याचा दगड होता. त्यांनी चपला बाहेर काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला आणि आत गेल्या. मीही तशीच गेले. तापलेल्या गाळात त्या मधोमध बसल्या. “ही चूल,” म्हणाल्या. “हितं माय बसायची. तू हितं बस.” मी बसले. वारा सुटला होता. मला झोप आल्यासारखं झालं होतं आणि त्या झोपेत भिंती होत्या, सारवलेल्या, गार.

दादांच्या हाकेनं भानावर आलो. त्यांना विहीर सापडली होती. गाळानं तोंडापर्यंत भरलेला दगडी कठडा. पाराच्या मागंही नव्हती, पुढंही नव्हती, बाजूला होती.

“सरकली असंल,” दादा म्हणाले.

“हीर काय सरकत असती का, दादा?” आत्या म्हणाल्या, आणि दोघं हसता हसता खोकायला लागले. मी ठिपक्याच्या जागी विहीर नोंदली आणि आधीच्या दोन्ही विहिरी प्रश्नचिन्हांसकट पुसल्या.

घरी आल्यावर आत्यांना एक नवीनच हवं झालं. कुणाचं घर कोणतं, त्यांची नावं घाल, म्हणाल्या. मी घातली. मग त्या घरांतल्या माणसांची घातली, लेकींची, मेलेल्यांची, बैलांचीसुद्धा. आठवडाभरात गल्ल्या दिसेनाशा झाल्या. आत्या पडद्यावर आपलंच घर शोधत राहिल्या.

“लई गर्दी झाली,” म्हणाल्या. “निसती घरं राहू दे. ज्याचं त्याला सापडंल.”

नावांचा थर नकाशावर वेगळा होता, तो मी पुसला नाही, नुसता झाकला. हिंगोलीहून नकाशा मोठ्या कागदावर छापून आणला आणि दादांच्या हाती नव्या वस्तीवर पाठवला. त्यांनी तो तिथल्या देवळाच्या ओसरीत लावला. आठ दिवसांनी मी आत्यांना घेऊन गेले तेव्हा ओसरीत बायाच बाया होत्या, आणि कागदावर ज्या त्या घरावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.