मोठा डॉक्टर

वर्ध्याच्या स्टेशनवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझी बॅग बाकाखाली साखळीनं बांधून दिली. पोरीचा सर्जरी शिकायला नंबर लागला, हे डब्यातल्या अनोळखी लोकांनाही सांगून झालं. उतरताना म्हणाले, "चांगली शिकजो. कोणाले उलटून बोलू नको." ते वर्ध्याजवळच्या आमच्या आंजी गावात शाळेत मास्तर होते. वर्गात आणि घरात एकच शिस्त.

पुण्याच्या वॉर्डात मी ती पाळली. युनिटमध्ये माझ्यासोबत कारंज्याचा प्रशांत होता. बोली एक, म्हणून लगेच मैत्री झाली. अडलं की दोघंही सिनियरला विचारायचो. सहामाहीला युनिटप्रमुख सरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की प्रशांत सावध आहे, घाई करत नाही. माझ्यात मात्र आत्मविश्वास कमी आहे. बाहेर आल्यावर प्रशांतच ओशाळला. "आपण त सारखंच करून राह्यलो," म्हणाला.

मग मी बोलायला लागले. ऑपरेशननंतर एका बाईचं पोट फुगत चाललं होतं. पुन्हा उघडून बघायला हवं, असं मी राउंडला सगळ्यांसमोर म्हटलं. सरांना ते रुचलं नाही. संध्याकाळी उघडावंच लागलं, बाई वाचली. पुढच्या सहामाहीला माझ्याविषयी ऐकलं ते हे, की हुशार आहे पण उद्धट आहे, जमवून घेत नाही. कॅन्सर सर्जरीच्या फेलोशिपसाठी सरांनी शब्द टाकला तो प्रशांतसाठी. ते शिकून मला वर्ध्याकडे परतायचं होतं. ते राहूनच गेलं.

आता पुण्यातच नोकरी आहे, सोसायटीत फ्लॅट आहे. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, रोज ऑपरेशनं असतात. बोलताना 'मले' तोंडात येत नाही. आंजीतून बाहेर पडलेल्या इतर पोरींचंही असंच झालं असेल.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या पित्ताशयात खडे निघाले. मी त्यांना पुण्याला आणलं. सख्ख्या बापाचं ऑपरेशन आपण करू नये, म्हणून माझी सहकारी गौरी करणार होती. तिच्याइतका सफाईदार हात आमच्याकडे दुसरा नाही. ती तपासून गेल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "एखादा मोठा डॉक्टर नाई का?"

"गौरीच मोठी आहे, बाबा."

"तसं नाई. एखादा माणूस."

"मीही हेच ऑपरेशन करते, बाबा," मी म्हटलं. त्यांनी संमतीपत्र ओढून सही केली. सगळं छान पार पडलं.

त्यांना आंजीला पोचवायला मीच गेले. शेजारचे काका भेटायला आले, अंगणात बसले. ऑपरेशन कोणी केलं, म्हणून विचारत होते.

"पुण्याच्या मोठ्या डॉक्टरनं," बाबा म्हणाले.

"हुशार माणूस दिसते," काका म्हणाले. बाबांनी ते तसंच राहू दिलं.

मी आत आईजवळ मेथी निवडत होते. तिनंही ऐकलं होतं. "जाऊ दे बाई," एवढंच म्हणाली आणि माझ्या पुढ्यातली अर्धी जुडी स्वतःकडे ओढून घेतली.

सर काय म्हणाले होते, ते आता मनाला फारसं लागत नाही. पुण्यात कोणी काहीही म्हणो, घरी येऊन झोप लागते. अंगणातलं बाबांचं ते एक वाक्य मात्र अजून लागतं. एवढं लागावं असं ठिकाण मला दुसरं नाही, म्हणून आंजीलाच घर म्हणते.